राळ आणि भुसा : संमिश्र पदार्थांच्या युगाचे दार उघडणारे लिओ बेकलँड

न्यू जर्सीतील एडिसन आणि वुडब्रिज परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना पर्थ अ‍ॅम्बॉय हे रॅरिटन नदीच्या मुखाशी वसलेले गाव परिचयाचे आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात या गावातील एका कारखान्यातून पिंपे भरभरून काळपट भुकटी बाहेर पडू लागली. तापवलेल्या साच्यात ही भुकटी घालून वरून दाब दिला की काही मिनिटांत हवी ती वस्तू तयार होई, आणि एकदा तयार झालेली ती वस्तू पुन्हा कितीही तापवली तरी वितळत नसे. भिंतीवरची विजेची काळी बटणे, जुन्या टेलिफोनचा जड रिसीव्हर, रेडिओची पेटी, इतकेच काय, आपल्या स्वयंपाकघरातील कुकरची काळी मूठ हे सारे त्या भुकटीचेच गोत. तिचे नाव बेकेलाइट. ते ज्यांच्या आडनावावरून पडले ते लिओ हेंड्रिक बेकलँड प्लॅस्टिकयुगाचे जनक म्हणून ओळखले जातात. त्यांच्या कार्याची दुसरी बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही. त्यांनी बाजारात आणलेला पदार्थ बहुतेक वेळा शुद्ध प्लॅस्टिक नव्हताच. तो संमिश्र पदार्थ होता.

संमिश्र पदार्थ ही कल्पना मराठी माणसाला नवी नाही. कोकणातील कुडाची भिंत आठवावी. कारवीच्या काठ्या विणून उभ्या केलेल्या कुडावर शेणमातीचा गिलावा चढवला जातो. नुसती माती वाळली की तडकते आणि नुसत्या काठ्या वाऱ्याला अडवत नाहीत; दोन्ही एकत्र आल्या की वर्षानुवर्षे टिकणारी भिंत उभी राहते. संमिश्र पदार्थाची व्याख्या याहून फार वेगळी नाही. त्यात एक घटक बांधून धरणारा असतो, दुसरा बळ देणारा. दोन्ही आपापले अस्तित्व राखून असतात. मीठ पाण्यात विरघळते तसे ते एकमेकांत विरघळत नाहीत. मात्र त्यांच्या एकत्र येण्यातून जो गुण निर्माण होतो तो दोघांपैकी कोणाकडेही एकट्याने नसतो. बेकलँड यांनी या जुन्या युक्तीला प्रयोगशाळेत तयार केलेले, निसर्गात कोठेही न आढळणारे बांधणारे द्रव्य मिळवून दिले.

गेंट ते न्यूयॉर्क

बेकलँड यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८६३ रोजी बेल्जियममधील गेंट शहरात झाला. वडील जोडे शिवण्याचा व्यवसाय करीत आणि आई लोकांच्या घरी घरकाम करी. मुलाने लवकरात लवकर आपल्या धंद्यात हातभार लावावा ही वडिलांची अपेक्षा होती. मुलाने शिकावे हा आईचा हट्ट होता. अखेर आईचा हट्ट फळाला आला. मुलाची बुद्धी शिक्षकांच्या नजरेत भरली, नगरपालिकेची शिष्यवृत्ती मिळाली आणि तो गेंट विद्यापीठात दाखल झाला. छायाचित्रणाचे वेड त्याला लहानपणापासून होते. रसायने विकत घेण्याइतके पैसे नसल्याने त्याने आपल्या घड्याळाच्या साखळीतील चांदी विरघळवून सिल्व्हर नायट्रेट तयार केल्याची कथा त्यांच्याविषयी आजही सांगितली जाते. १८८४ मध्ये, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, सर्वोच्च श्रेणीत त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

पुढे विद्यापीठातच त्यांना अध्यापनाचे पद मिळाले. आपले प्राध्यापक थिओडोर स्वार्ट्‌स यांच्या कन्या सेलिन यांच्याशी १८८९ च्या ऑगस्टमध्ये त्यांचा विवाह झाला आणि त्याच वर्षी प्रवासासाठी मिळालेल्या शिष्यवृत्तीवर हे जोडपे परदेशी निघाले. न्यूयॉर्कमध्ये कोलंबियाचे प्राध्यापक चार्ल्स चँडलर यांनी या तरुण रसायनशास्त्रज्ञाचे गुण हेरले आणि अमेरिकेतच राहण्याचा आग्रह धरला. छायाचित्रणाचे साहित्य बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरीही मिळाली. स्थिर प्राध्यापकी सोडून अनोळखी देशात राहून जाण्याचा तो निर्णय होता. शिक्षणासाठी म्हणून आलेले आणि येथेच राहिलेले आपल्यातील अनेक वाचक त्या निर्णयाचे वजन जाणतात.

सुरुवातीची वर्षे कठीण गेली. दोन वर्षांत नोकरी सोडून त्यांनी स्वतंत्र सल्लागाराचा व्यवसाय आरंभला. एकाच वेळी अनेक कल्पनांच्या मागे धावताना पैसा संपला, कर्ज झाले आणि त्यातच गंभीर आजारपण आले. त्या अंथरुणावर त्यांनी ठरवले की यापुढे एकच काम हाती घ्यायचे आणि ते तडीस न्यायचे. ते काम होते कृत्रिम प्रकाशात वापरता येईल असा छायाचित्रणाचा कागद तयार करण्याचे. तोवर छायाचित्रकाराला छाप काढण्यासाठी उन्हाची वाट पाहावी लागे. बेकलँड यांचा 'व्हेलॉक्स' कागद दिव्याच्या उजेडात काम करीत असे. १८९३ मध्ये लिओनार्ड जेकोबी यांच्या भागीदारीत त्यांनी न्यूयॉर्कनजीक याँकर्स येथे नेपेरा केमिकल कंपनी उभारली. मंदीच्या त्या वर्षांत धंदा तगवणे सोपे नव्हते, पण हौशी छायाचित्रकारांनी कागदाला उचलून धरले. १८९९ मध्ये कोडॅकच्या जॉर्ज ईस्टमन यांनी ही कंपनी विकत घेतली आणि जोडे शिवणाऱ्याचा हा मुलगा पस्तिसाव्या वर्षी श्रीमंत झाला.

हडसन नदीकाठी त्यांनी 'स्नग रॉक' नावाचा प्रशस्त वाडा घेतला आणि त्याच्या आवारातच प्रयोगशाळा थाटली. विक्रीच्या करारामुळे छायाचित्रणाच्या क्षेत्रात पुन्हा उतरण्यास त्यांना मज्जाव होता. त्यामुळे नवा विषय शोधणे भाग होते. १९०० मध्ये ते जर्मनीला जाऊन विद्युत्‌रसायनशास्त्राचे ताजे ज्ञान घेऊन आले आणि नायगरा फॉल्स येथे मिठाच्या पाण्यापासून विजेच्या साहाय्याने कॉस्टिक सोडा व क्लोरीन मिळवण्याचे तंत्र सुधारण्यात त्यांनी मोलाची मदत केली. आधी लहान प्रमाणावर यंत्रणा चालवून तिच्यातील दोष काढायचे आणि मगच मोठा कारखाना उभारायचा, ही त्यांची कार्यपद्धती तेथे पक्की झाली.

लाखेला पर्याय

त्या काळात जगभर विजेचे जाळे पसरत होते. तारा, मोटारी आणि जनित्रे यांना वीज अडवणारे आवरण हवे होते, आणि त्यासाठी सर्वांत भरवशाचा पदार्थ होता लाख. लाख म्हणजे एका सूक्ष्म कीटकाचा स्राव. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर हे कीटक वसती करतात. जगाची लाखेची गरज मुख्यतः भारत भागवत होता. छोटा नागपूरच्या पठारावर आदिवासी कुटुंबे ती गोळा करीत. महाराष्ट्रातही पूर्व विदर्भातील पळसावर लाख धरली जाते. एक शेर लाखेसाठी हजारो कीटकांची महिनोन्‌महिन्यांची मेहनत लागे. मागणी वाढत गेली तसतसे भाव चढत गेले. शिवाय लाखेचे वैगुण्य महाभारतकारांनाही ठाऊक होते; लाक्षागृहाची कथा ज्याने ऐकली आहे त्याला लाख उष्णतेपुढे किती टिकते हे वेगळे सांगायला नको.

बेकलँड यांनी लाखेला कृत्रिम पर्याय शोधायचे ठरवले. फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड ही दोन रसायने एकत्र आली की राळेसारखा चिकट गोळा तयार होतो, हे जर्मन शास्त्रज्ञ अडॉल्फ फॉन बायर यांनी १८७२ मध्येच नोंदवले होते. पण तो गोळा म्हणजे प्रयोगशाळेतील डोकेदुखी होती. एकदा घट्ट झाला की तो कशात विरघळत नसे. काचेची भांडी फेकून द्यावी लागत. इतरांनी या अभिक्रियेला सौम्य करण्याचा प्रयत्न केला. बेकलँड यांनीही आधी तीच वाट धरून 'नोव्होलॅक' नावाची लाखेसारखी राळ तयार केली. पण लाखेच्या तुलनेत बाजाराने तिला फारशी दाद दिली नाही.

१९०७ च्या जून महिन्यात त्यांनी वेगळा प्रयोग आरंभला. लाकूड कठीण करण्याच्या हेतूने त्यांनी लाकडाचे तुकडे या दोन रसायनांच्या मिश्रणात मुरवून तापवून पाहिले. म्हणजे पुढील सारी कथा ज्यातून घडली तो आरंभच मुळी लाकडाचे तंतू आणि राळ यांच्या संयोगाचा होता. या प्रयोगांत लाकडापेक्षा त्याच्याभोवती तयार झालेल्या कठीण, न विरघळणाऱ्या पदार्थाने त्यांचे लक्ष वेधून घेतले. आता त्यांनी जुना प्रश्न उलटा केला: जो हट्टी गोळा सर्वांना नकोसा होता तोच हवा असे समजून तो नियंत्रणात कसा आणायचा?

अडचण होती ती वाफेची. दोन्ही रसायनांचे रेणू एकमेकांना जोडले जाताना पाणी बाहेर पडते. उष्णता दिली की त्याचे बुडबुडे होतात आणि पदार्थ इडलीसारखा सच्छिद्र व ठिसूळ बनतो. इतर संशोधक बुडबुडे टाळण्यासाठी उष्णता कमी करीत. बेकलँड यांनी उष्णता वाढवली, मात्र सोबत दाबही वाढवला. पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या बऱ्याच वरच्या तापमानाला, बंद लोखंडी पात्रात दाबाखाली, बुडबुड्यांना फुगायला वावच उरला नाही. पदार्थ एकसंध, कठीण आणि अंबरसारखा पारदर्शक निघाला. या पात्राला 'बेकेलायझर' म्हणू लागले. १३ जुलै १९०७ रोजी त्यांनी उष्णता आणि दाब यांच्या या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. इंग्लंडमध्ये जेम्स स्विनबर्न हे अभियंते याच दिशेने काम करीत होते. त्यांचा अर्ज केवळ एका दिवसाने मागे पडला. ५ फेब्रुवारी १९०९ रोजी न्यूयॉर्क येथे अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत बेकलँड यांनी आपला शोध जाहीर केला आणि वर्षअखेरीस पेटंट त्यांच्या हाती पडले.

भुसा कशासाठी?

शुद्ध बेकेलाइट दिसायला देखणे, पण स्वभावाने काचेसारखे होते. सरळ साखळ्यांऐवजी त्याचे रेणू तिन्ही दिशांनी एकमेकांत गुंफलेले असतात. त्यामुळे ते तापवले तरी वितळत नाही, पण वाकतही नाही. एखादी बारीक चीर पडली की ती विनाअडथळा आरपार धावते. शिवाय घट्ट होताना ते आकसते, आणि राळ महागही होती. निव्वळ राळेचे बटण भिंतीवरून पडले असते तर त्याचे तुकडे झाले असते.

यावरचा उपाय होता लाकडाचा बारीक दळलेला भुसा. अर्धवट तयार झालेली राळ आणि भुसा एकत्र करून तापवलेल्या रुळांमधून काढला जाई. मग ते मिश्रण थंड करून दळले की साच्यात घालण्याजोगी भुकटी तयार होई. भुशातील प्रत्येक कण धावत्या चिरेच्या वाटेत आडवा येतो. चिरेला त्याला वळसा घालावा लागतो किंवा तो तोडावा लागतो; तेवढ्यात तिचे बळ सरते. राळ आपल्या परीने कणांना घट्ट धरून ठेवते आणि एका जागी पडलेला भार अनेक कणांवर वाटून देते. भुसा आकसत नाही, त्यामुळे वस्तू साच्याच्या मापाबरहुकूम निघते. खर्चही उतरतो.

भरणीचा पदार्थ बदलला की गुण बदलतो, हे लवकरच सर्वांच्या ध्यानात आले. आघात सोसायचा असेल तर सुती चिंध्यांचे तुकडे, विजेचा कडक बंदोबस्त हवा असेल तर अभ्रक, उष्णता सोसायची असेल तर अ‍ॅस्बेस्टॉस. बांधणारे द्रव्य तेच. बळ देणारा घटक गरजेप्रमाणे निवडायचा. आजचा अभियंता विमानाचा पंख आखताना हेच करतो. फरक इतकाच की भुशाचे कण आखूड आणि अस्ताव्यस्त असतात, तर पंखातील कार्बनचे तंतू लांब असून भार ज्या दिशेने येणार त्या दिशेने मुद्दाम मांडलेले असतात. तंतूच्या लांबीच्या दिशेने बळ सर्वाधिक, आडव्या दिशेने कमी. म्हणून थरांची दिशा आलटूनपालटून ठेवावी लागते.

थरांची ही कल्पनाही बेकेलाइटच्याच आधाराने रुजली. द्रवरूप राळेत कागद किंवा कापड बुडवायचे, असे अनेक थर एकावर एक रचायचे आणि तापवून दाबायचे. वेस्टिंगहाउसमधील डॅनियल ओकॉनर आणि हर्बर्ट फेबर या दोन अभियंत्यांनी १९१३ मध्ये नोकरी सोडून अशाच थरांच्या पत्र्यांचा व्यवसाय काढला. विजेच्या यंत्रांत तोवर वापरल्या जाणाऱ्या अभ्रकाच्या, म्हणजे मायकाच्या, जागी हा पदार्थ वापरायचा होता, म्हणून त्यांनी त्याचे नाव फॉर्मायका ठेवले. मराठी घरांत ओट्याखालच्या कपाटांना आणि जेवणाच्या टेबलांना जो पत्रा आपण सनमायका म्हणून बसवून घेतो तो याच कुळातला. त्याच्या रंगीत पृष्ठभागाखाली तपकिरी कागदाचे थर फिनॉलच्या राळेनेच बांधलेले असतात.

वैभव, वाद आणि एकांत

१९१० मध्ये जनरल बेकेलाइट कंपनी स्थापन झाली. यशाबरोबर नकलाही आल्या. थॉमस एडिसन यांचे रसायनशास्त्रज्ञ जोनास आयल्सवर्थ यांनी 'कंडेन्साइट' आणि शिकागोचे लॉरेन्स रेडमन यांनी 'रेडमनॉल' या नावाने मिळतीजुळती उत्पादने आणली होती. पेटंटांचे दावे वर्षानुवर्षे चालले. निकाल बेकलँड यांच्या बाजूने झुकल्यावर त्यांनी प्रतिस्पर्ध्यांना संपवले नाही. १९२२ मध्ये तिन्ही कंपन्या एकत्र करून बेकेलाइट कॉर्पोरेशन उभे केले. १९२४ मध्ये ते अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकले.

दूर रांचीजवळ नामकुम येथे त्याच १९२४ मध्ये लाखेवरील संशोधन संस्था सुरू झाली. कृत्रिम राळेच्या स्पर्धेत भारतीय लाखेला उभे राहायचे तर शास्त्राची साथ हवी, ही जाणीव तेव्हा झाली होती. याँकर्समधील एका प्रयोगशाळेतील शोधाचे पडसाद पळसाच्या रानात राहणाऱ्या, बेकलँड हे नावही न ऐकलेल्या माणसांच्या पोटापर्यंत पोहोचत होते.

उतारवयात बेकलँड यांच्या स्वभावातील एकांतप्रियता वाढत गेली. फ्लोरिडातील कोकोनट ग्रोव्ह येथील घरात ते बागेत रमत, डब्यातील अन्नावर दिवस काढीत आणि आयुष्यभर जपलेला दैनंदिनीचा परिपाठ चालू ठेवीत. पुत्र जॉर्ज यांना पित्याचा कारखाना पुढे चालवण्याची ओढ नव्हती. १९३९ मध्ये कंपनी युनियन कार्बाइडला विकण्यात आली. हे नाव भारतीय वाचकाच्या मनात १९८४ च्या भोपाळची रात्र जागी करते; पण याच युनियन कार्बाइडच्या ओहायोतील प्रयोगशाळेत १९५८ मध्ये रॉजर बेकन यांना अत्यंत बळकट कार्बन तंतूंचा शोध लागला, हेही नोंदवले पाहिजे. ते पाहायला बेकलँड हयात नव्हते. २३ फेब्रुवारी १९४४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील बीकन येथे, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. हडसनच्याच खोऱ्यातील स्लीपी हॉलो येथे त्यांचे दफन झाले.

जे पुन्हा वितळत नाही

बेकलँड यांच्या राळेची जागा पुढे अनेक ठिकाणी पॉलिस्टर आणि इपॉक्सी यांनी घेतली, भुशाच्या जागी काचेचे आणि कार्बनचे तंतू आले. भारतात जाता-येताना आपण ज्या बोइंग ७८७ विमानात बसतो त्याच्या ढाच्याचा वजनाने सुमारे निम्मा भाग असा संमिश्र आहे. तरीही फिनॉलची राळ निवृत्त झालेली नाही. आग लागलीच तर ती कमी धूर सोडते, म्हणून प्रवासी विमानांच्या आतील भिंती आणि डोक्यावरील सामानाचे कप्पे यांत ती आजही काचेच्या तंतूंना बांधून ठेवते. अपोलो यानांच्या उष्णतारोधक कवचातही नोव्होलॅकच्या वंशातील राळ होती. चंद्रावरून परतणारी माणसे तिच्या आडोशाने वातावरणाच्या भट्टीतून सुखरूप खाली आली.

या शोधाची किंमतही मोठी आहे. फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड ही दोन्ही विषारी रसायने. अ‍ॅस्बेस्टॉसच्या भरणीने कामगारांच्या फुप्फुसांचे जे केले ते जगाला उशिरा कळले. आणि एकदा घट्ट झालेली राळ पुन्हा वितळत नाही, हा ज्या गुणाचा बेकलँड यांना अभिमान होता तोच आज सर्वांत मोठा प्रश्न बनला आहे. पाण्याची बाटली वितळवून दुसरी वस्तू करता येते. राळ आणि तंतू एकजीव झालेले पाते तसे करता येत नाही. वायोमिंगमधील कॅस्पर येथे पवनचक्क्यांची निकामी झालेली अजस्र पाती अक्षरशः जमिनीत पुरण्यात आली आहेत. स्वच्छ विजेसाठी उभारलेल्या यंत्राचा शेवट असा व्हावा हे कोणालाच रुचणारे नाही, आणि म्हणूनच बांधलेले घटक पुन्हा सुटे करता येतील अशा राळेचा शोध जगभरच्या प्रयोगशाळांत चालू आहे.

बेकलँड यांचे मूळ बेकेलायझर वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाने जतन करून ठेवले आहे. अंड्याच्या आकाराचे, बोल्टांनी घट्ट आवळलेले, कारखान्यात वापरून वापरून काळवंडलेले ते लोखंडी भांडे आहे. घटक एकत्र बांधण्याचे कोडे त्यात सुटले. ते पुन्हा सोडवण्याचे कोडे सोडवणारे भांडे अजून कोणाच्या तरी प्रयोगशाळेत तयार व्हायचे आहे.